पुरातून वर आलेली पेटी

(मंडळाच्या पंचविसाव्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आमच्या आजीच्या काळी सातवी पास झालेल्याला शाळामास्तराची नोकरी मिळत असे. माझ्या वेळेपर्यंत त्या सातवीची किंमत पार उतरली होती, तेव्हा लग्न झाले आणि मी सांगलीला आले. आज मला बोलायला उभे केले आहे ते विद्वत्तेसाठी नव्हे. अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही ती बुडालेली पेटी घरच्या घरी कशी दुरुस्त केलीत, ते एकदा सगळ्यांना सांगा, पुन्हा कुणाच्या उपयोगी पडेल." आपल्या गावभागात राहायचे म्हणजे पुन्हा उपयोगी पडणारच, म्हणून मी हो म्हटले.

पण पेटीची हकीकत सांगायची तर आधी माझी चूक सांगायला हवी. ती मी त्या वेळी सरळ सांगितली नव्हती.

नव्या सभासदांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. आपले मशीन, माइक आणि दोन पेट्या एवढे सामान १९,००० रुपयांना पडले होते. ३४ जणींनी दरमहा ३० रुपये असे १४ महिने साठवले, त्याचे १४,२८० झाले. बाकीचे उन्हाळ्यात कुरडया आणि पापड विकून उभे केले. आपल्या आजींनी त्यांचे ३० रुपये निराधाराच्या पैशांतून दिले, एकही महिना चुकवला नाही. त्यांना ऐकू कमी येते. भजनाला त्या नेहमी डाव्या पेटीजवळ बसत, अगदी कान लावून, आणि तिला "माझी पेटी" म्हणत. मंडळाला तेव्हा स्वतःची खोली नव्हती. सामान पाळीपाळीने एकेकीच्या घरी असे. २०१९ च्या ऑगस्टात ते माझ्या घरी होते.

पाणी चढू लागले तेव्हा आमच्या घरात सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होते, "२००५ ला गुडघ्याएवढे आले होते, यंदा फार तर कमरेएवढे येईल." त्या हिशेबाने आम्ही सामान वर चढवले. मशीन महागाचे म्हणून थोरल्याने रिक्षात घेतले. सासूबाई, गॅसची शेगडी, कागदपत्रांची पिशवी, देव, असे सगळे घेऊन आम्ही विश्रामबागेत नणंदेकडे गेलो. पेट्या जड. मी म्हटले, टेबलावर ठेवू, एवढ्या उंचीवर पाणी कुठले यायला! एक टेबलावर ठेवली आणि दुसरी कपाटाशेजारी ट्रंकेवर. नणंदेच्या घरी वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी होती, रिक्षाची आणखी एक खेप झाली असती. मी ती केली नाही. आयर्विन पुलाशी २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेले होते, २०१९ ला ते ५७ फुटांच्या वर गेले. पुलावरच्या आकड्यातला हा चारेक फुटांचा फरक म्हणजे माझ्या घरात टेबल, त्यावरची पेटी आणि भिंतीवरचे कॅलेंडर.

आठवड्याने परत आलो. ते दिवस तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहेत, त्याचे वर्णन करत नाही. दारातच एक पेटी चिखलात पालथी पडलेली दिसली. दुसरी कपाट आडवे झाले होते त्याच्या मागे अडकली होती. ते कपाट चार माणसांशिवाय हलणार नव्हते, आणि त्या दिवसांत चार माणसे मोकळी कुणाकडे होती? त्यात पाच दिवस गेले. या पाच दिवसांनी काय केले ते पुढे सांगते.

तिसऱ्या दिवशी चिटणीसबाई टँकरच्या रांगेत भेटल्या. म्हणाल्या, "मंडळाचे सामान?" मी म्हटले, "मशीन शाबूत आहे. पेट्या जरा भिजल्यात." जरा! आठवडाभर नदीच्या तळाशी होत्या. पण माझ्या तोंडून दुसरा शब्द निघेना. पंचनाम्याला माणसे आली तेव्हा मी घरची भांडी-अंथरुणे लिहून दिली. पेट्या घरच्या नव्हेत म्हणून त्या मात्र कुठल्याच यादीत बसल्या नाहीत. त्या रात्री ठरवले, जमेल ते आपल्या हातांनी करून पाहायचे आणि मग सभेत सांगायचे.

आता कामाचे. सर्वांत आधी एक गोष्ट सांगते, ती कृपा करून नीट ऐका. माझ्याकडच्या त्या नुसत्या पेट्या होत्या, त्यांना भिंतीतल्या विजेची वायर नसते. मशीनकडून येणारी बारीक वायर काय ती असते. म्हणून मी त्यांना हात घातला. ज्या वस्तूला भिंतीत खोचायची पिन आहे, टीव्ही म्हणा, मशीन म्हणा, आतच मशीन असलेला नव्या तऱ्हेचा मोठा स्पीकर म्हणा, ती भिजली तर घरी उघडू नये. पिन काढल्यावरही आतल्या कपॅसिटर नावाच्या डब्यांत वीज साठून राहते आणि तिचा धक्का जिवावर बेतू शकतो. आणि "चालतो का बघू" म्हणून ओली वस्तू लावून पाहणे हा तर शुद्ध आत्मघात. आमच्या शेजारी मिक्सर वरून सुकलेला दिसला म्हणून लावला, तर धूर निघून घरचा फ्यूज गेला. त्यापेक्षा काही झाले नाही हे नशीब.

धाकटीचा एक हातात मावणारा, मोबाईलवर चालणारा स्पीकर होता, तोही बुडाला. त्यातली बॅटरी पुरीसारखी फुगली होती. तसली बॅटरी चार्ज करू नये, टोचू नये, दाबू नये. ती पेट घेते. मी तो घमेल्यातल्या वाळूत घालून अंगणाच्या कोपऱ्यात ठेवला आणि पुढे इलेक्ट्रॉनिक कचरा नेणाऱ्याला दिला. हळहळ वाटली, पण त्याला वाचवायचा प्रयत्न केला नाही.

पेटी उघडायला आमच्याकडे पेचकस होता. पुढची जाळी काढली, आठ स्क्रू काढले, आणि स्पीकर बाहेर घेतला. मागे वाटोळे लोहचुंबक असते, त्यामुळे तो वरवंट्यासारखा जड लागतो. त्याला दोन वायरी असतात. कुठली कुठे होती हे नंतर आठवत नाही, म्हणून अधिक खूण असलेल्या बाजूच्या वायरीला मी तांबडा दोरा बांधला. पेटीच्या आत पांढरा कापूस भरलेला होता. त्याचा चिखलाचा गोळा झाला होता, तो टाकून दिला.

हा स्पीकर बोलतो कसा, हे मला थोरल्याने समजावले. त्यांच्या पुस्तकात होते. पुढे जो काळा कागदी नरसाळ्यासारखा भाग दिसतो त्याला कोन म्हणतात. त्याच्या मागच्या टोकाला एक बारीक नळी आणि त्या नळीवर तांब्याच्या तारेचे वेटोळे. हे वेटोळे लोहचुंबकाच्या फटीत अधांतरी असते, कुठे टेकत नाही. फट किती? नखाच्या जाडीएवढी. मशीनकडून वीज येते तसे वेटोळे मागेपुढे हलते, त्याबरोबर कागद हलतो, कागद हवा ढकलतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. वेटोळे मधोमध राहावे म्हणून मागे पिवळट कापडाची एक चकती असते, तिला साडीच्या निऱ्यांसारख्या गोल चुण्या असतात. हे सगळे १९२५ साली राइस आणि केलॉग नावाच्या दोघा अमेरिकन संशोधकांनी सिद्ध केले, आणि अजून मुळात तसेच चालले आहे. त्यातल्या एकाचे नाव राइस ऐकून मला हसू आले, कारण त्याच दिवशी नणंदेचा मुलगा म्हणाला होता, "मामी, स्पीकर तांदळात घाला, पाणी ओढून घेईल." मी म्हटले, बाबा, या महिन्यात तांदूळ खायला आणलाय. आणि खरोखरच तांदळाने काही विशेष होत नाही. वाहत्या हवेने लवकर सुकते आणि तांदळाची पूड त्या फटीत जायचे भय राहत नाही.

तर बायांनो, पाण्याने कागद एवढा बिघडत नाही, लोहचुंबकाला तर पाण्याचे काहीच नाही. खरा वैरी चिखल. फटीत चिखल गेला की जात्यात खडा आल्यासारखे होते. आणि चिखल ओला आहे तोवरच निघतो. एकदा सुकला की सिमेंट. त्याच्याशेजारचे लोखंडही गंजू लागते. म्हणून मी ठरवले की सुकवायच्या आधी धुवायचे. सासूबाई म्हणाल्या, "भिजून वाया गेलेल्याला परत भिजवतेस?" त्यांचे म्हणणे ऐकायला बरोबर वाटते, पण इथे ते उलटे आहे.

पाणी कुठले वापरायचे हाही प्रश्न होता. टँकरचे पाणी पिण्यापुरते. शेजारच्या गच्चीवर मी दोन घागरी आणि पितळी पातेले ठेवले, श्रावणातल्या सरी येतच होत्या. पावसाचे पाणी हलके, त्यात क्षार नसल्यातच जमा, त्यामुळे सुकल्यावर पांढरा थर धरत नाही. स्पीकर उभा धरून मागच्या बाजूने लोट्याने बारीक धार सोडली. उभा अशासाठी की चिखल खाली गळून जावा, आत फटीकडे वळू नये. पहिले तीन लोटे नुसता काळा गाळ आला. आठव्या-नवव्या लोट्याला पाणी नितळ झाले. कोनाला मात्र बोट लावले नाही. ओला कागद म्हणजे ओला पापड, उचलायला गेलात की फाटलाच. पुढचा चिखल जुन्या मलमलीच्या ओल्या तुकड्याने टिपून घेतला, पुसला नाही.

मग सुकवणे. थोरला म्हणाला, केस वाळवायच्या यंत्राने वाळवू. मी नको म्हटले, कारण आतले सगळे सरसावर चिकटवलेले, उष्णतेने ते सुटते. उन्हातही ठेवला नाही. ओसरीत भिंतीला टेकवून सावलीत उभा ठेवला आणि रोज सकाळी चहाच्या आधी पाव वळसा फिरवला, म्हणजे ओला कोन एका अंगाला झुकून राहत नाही. वीज आल्यावर चार हात लांबून टेबलफॅन. बारा दिवस असे चालले. मधे दोनदा वाटले, झाला असेल, लावून बघू. वाटले तेवढेच.

पाचव्या दिवशी कपाट हलले आणि दुसरी पेटी हाताला आली. तिचेही सगळे तसेच केले, पण आतला गाळ घट्ट झाला होता. पंधरा-वीस लोटे ओतले तरी पाणी गढूळच येई.

गंमत अशी की लाकडाच्या बाबतीत प्रकार उलटा झाला. दारात सापडलेली पेटी तयार विकत घेतलेली, भुशाच्या दाबलेल्या फळीची. ती पाण्याने फुगून पावासारखी झाली, कोपरे उमलले, स्क्रू बोटाने निघू लागले. दुसरी आपल्या गल्लीतल्या सुताराने केलेली, प्लायवुडची. तिला काही झाले नव्हते, नुसती जड झाली होती. ती आतून कोमट पाण्याने पुसली, बुरशी धरू नये म्हणून वर स्पिरिटचा बोळा फिरवला आणि सावलीत ठेवली. पण लाकूड आतून सुकले हे कळायचे कसे? मी रद्दीवाल्याचा काटा मागून आणला. पहिल्या दिवशी वजन ११ किलोच्या वर. रोज थोडे थोडे उतरत गेले. साडेनऊवर आले आणि चार दिवस तिथेच थांबले, तेव्हा म्हटले, आता हिच्यात पाणी उरले नाही.

बारा दिवस झाल्यावर परीक्षा. कोनाच्या दोन्ही बाजूंना, मध्यापासून सारख्या अंतरावर, दोन्ही हातांची बोटे टेकवायची आणि अगदी हळू आत दाबायचे. पहिला स्पीकर लोण्यासारखा आतबाहेर झाला. दुसरा दाबला आणि खरखर, खरखर. जात्यातला खडा. मी तो खाली ठेवला आणि थोडा वेळ स्वयंपाकघरात जाऊन बसले.

पुढे शेजारच्या वायरमन मुलाचा मीटर आणून वेटोळे तपासले. स्पीकरच्या पाठीवर ८ ओहम लिहिलेले असेल तर मीटरवर ६ ते ७ च्या आसपास आकडा यावा. पहिल्याचा साडेसहा आला. काहीच आकडा न येणे म्हणजे आत तार तुटली. मीटर नसेल तर बॅटरीतला साधा दीड व्होल्टचा सेल घ्या, दोन वायरी क्षणभर टेकवा, लगेच काढा. "टप्" असा आवाज आला पाहिजे आणि कोन जरासा हलला पाहिजे. सेलचे अधिक टोक स्पीकरच्या अधिक टोकाला लावले तर कोन बाहेर येतो. तो "टप्" मी सासूबाईंना बोलावून ऐकवला. त्या म्हणाल्या, "एवढ्यासाठी?" पण परत एकदा ऐकवायला सांगितले.

म्हणजे चांगला स्पीकर वाईट पेटीचा आणि चांगली पेटी वाईट स्पीकरची. दोन्ही मापे बारा इंचीच. एकाला दुसऱ्यात बसवले. आत नव्या उशीचा फायबरचा कापूस भरला, तांबड्या दोऱ्याची वायर अधिककडे, टोकांचा गंज बारीक पॉलिशकागदाने घासून काढला. वरचा लहान स्पीकर, ज्याला ट्वीटर म्हणतात, तो मेलेलाच होता, तो नवा घेतला २२० रुपयांना. खरखरणारा स्पीकर मिरजेला एका कारागिराकडे नेला. त्याने कोन, वेटोळे आणि चुण्यांची चकती नवी बसवून दिली, फट साफ केली आणि ७५० रुपये घेतले. त्याने मला विचारले, "ताई, धुतला कुणी? बहुतेक लोक चिखलासकट उन्हात वाळवून आणतात." ही शाबासकी मी अजून कुणाला सांगितली नव्हती, आज सांगून घेते. त्याला मी विचारले, पाच दिवस आधी धुतला असता तर? तो म्हणाला, "मग माझ्याकडे आणावा लागला नसता."

सप्टेंबरच्या सभेत मी उभी राहिले आणि सगळे सांगितले. पेट्या जरा भिजल्या नव्हत्या, बुडाल्या होत्या. रिक्षाची एक खेप मी केली नाही. एक पेटी झाली आहे, दुसरीचे लाकूड गेले आहे, खर्च ९७० रुपये आणि तो मी मंडळाकडून घेणार नाही. कुणी काही बोलले नाही. मग खजिनदारबाईंनी वही उघडून विचारले, "पावत्या आणल्यात का?" मी म्हटले, घेणार नाही म्हणते ना. त्या म्हणाल्या, "खर्च मंडळाचा, वहीत मंडळाच्याच नावावर पडेल. नाहीतर हिशेब जुळायचा नाही." आणि ९७० रुपये मोजून माझ्यासमोर ठेवले. मला त्या वेळी त्यांचा रागच आला होता, खरे सांगते. चार शब्द बोलल्या असत्या तर बरे वाटले असते. पुष्कळ दिवसांनी कळले की त्यांच्या स्वतःच्या घरात त्या पुराने एक भांडे ठेवले नव्हते.

२९ सप्टेंबरला घटस्थापना होती. हादग्याची गाणी म्हणायला गल्लीतल्या मुली संध्याकाळीच जमल्या. थोरल्याने मशीनचे बटण अगदी तळाशी ठेवून चालू केले, थोडे थोडे वाढवत नेले. आधी घूं असा आवाज, मग माइकवर एका मुलीचा खोकला, तो सगळ्या चौकात ऐकू गेला आणि मुली हसत सुटल्या. आजी आपल्या जागेवर येऊन बसल्या. पेटीवर हात फिरवला. प्लायवुडवर पाण्याची रेघ उठली आहे, ती काही केल्या गेली नाही. पहिले गाणे संपेपर्यंत कान लावून बसल्या आणि मला म्हणाल्या, "आवाज पहिल्यापेक्षा जाड येतोय गं."

ते खरे आहे. वरचा नवा ट्वीटर पहिल्याच्या तोडीचा नाही, म्हणून बारीक आवाज थोडा दबतो. दुसरी पेटी आपल्याच सुताराकडून २०२० च्या सुरुवातीला करून घेतली, प्लायवुडचीच. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर गेले तेव्हा सामान दुसऱ्या भगिनीकडे होते. मी पाऊस पाहून पहाटेच तिच्या दारात गेले, तर पेट्या आधीच माडीवर होत्या आणि ती जिन्यात बसून चहा पीत होती. आता मंडळाचा स्वतःचा मीटर आहे, २५० रुपयांचा, तो आणि पेचकस कपाटाच्या वरच्या कप्प्यात असतो. कुणाला हवा असेल तर वहीत नाव लिहून न्यावा आणि आठवड्यात परत आणावा. मागच्या वेळी तो तीन महिने सापडत नव्हता.

आज मी बोलते आहे ती हीच डावी पेटी. मागच्या भगिनींना नीट ऐकू आले नसेल तर दोष ट्वीटरचा धरावा.